पाणी कुठं चालतं, कुठं नाही: फौंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत दरवर्षी आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुलं-मुली कामाला लागतात. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज पहिल्याच दिवशी मिळतात. मशीन कसं चालवायचं ते महिनाभरात जमतं. पण आग म्हटली की पाणी, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली असते आणि ती एका दिवसात जात नाही. कुठं धूर दिसला की कुणीतरी ओरडतोच, "पाणी आणा की रं!" लाकूड, पुठ्ठा, पोती यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. काही धातूंच्या बाबतीत मात्र तीच बादली आग दसपट करते. म्हणून हा लेख.

कुठल्याही धातूजवळ पाणी नेण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. धातू कोणता आहे? तो कोणत्या रूपात आहे, म्हणजे ठोकळा, चिप्स (मशीनवर कापताना निघणारा कीस), भुकटी की वितळलेला रस? आणि तो किती तापलेला आहे? या तिन्हींची उत्तरं माहीत नसतील तर पाणी लांब ठेवा. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

पायरी १: क्रियाशीलतेची रांग कामाच्या भाषेत समजून घ्या

दहावीच्या 'धातुविज्ञान' या पाठात क्रियाशीलता श्रेणी पाठ केलेली आठवत असेल. परीक्षेपुरती केली आणि सोडून दिली. आता ती परत काढा, कारण आता तिचा रोजच्या कामाशी संबंध आहे.

सगळ्यात वर पोटॅशियम आणि सोडियम. सोडियमचा तुकडा साध्या गार पाण्यात टाकला तरी लगेच क्रिया होते. सोडियम पाण्यापेक्षा हलका, त्यामुळं तरंगतो. क्रियेची उष्णता इतकी असते की तो वितळून गोळी होतो (९८ अंशांच्या आसपासच तो वितळतो) आणि ती गोळी सूं सूं करत पाण्यावर पळत सुटते. पाण्यातला हायड्रोजन वायू होऊन बाहेर पडतो आणि मागं कॉस्टिक सोडा राहतो. पोटॅशियम याहून तापट. त्याचा हायड्रोजन बहुतेक वेळा जागीच पेटतो आणि जांभळट ज्योत दिसते. हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने हे दोन्ही धातू १८०७ साली विजेच्या साहाय्याने पहिल्यांदा वेगळे काढले. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्याने पुढच्याच वर्षी मिळवले.

सोडियम पाण्यात फुटतो तो फक्त हायड्रोजन पेटल्यामुळं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१५ मध्ये प्राग येथील पावेल युंगविर्थ यांच्या गटाने अतिवेगवान कॅमेऱ्याने हीच क्रिया टिपली. पाण्याला स्पर्श होताच एक मिलिसेकंदही जायच्या आत धातूच्या पृष्ठभागातून काटे फुटल्यासारखे टोकदार फवारे बाहेर येताना त्यांना दिसले. धातूतले इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की मागं उरलेले धन प्रभाराचे कण एकमेकांना ढकलून देतात आणि धातू आतूनच फुटतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. "थोडंसंच आहे, पटकन मागं सरकेन" असं म्हणायला तिथं वेळच नसतो.

त्याखाली कॅल्शियम. तो पाण्यापेक्षा जड, म्हणून आधी बुडतो. मग अंगावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटले की त्यांच्याबरोबर वर येतो. पाणी पांढरट होतं, कारण विझवलेला चुना तयार होत असतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळात रसाची आंबटी मारायला टाकतात तोच.

मग मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड. आपल्या कामाचे धातू हेच. गार पाण्यात हे गप्प असतात आणि म्हणूनच फसवतात. तापले, बारीक झाले किंवा वितळले की त्यांचं वागणं पूर्ण बदलतं. लाल तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली तरी हायड्रोजन निघतो आणि लोखंडाचा काळा ऑक्साईड बनतो. तांबं, चांदी, सोनं पाण्यातून किंवा वाफेतून हायड्रोजन काढू शकत नाहीत. हुपरीचा चांदी कारागीर तापवलेला दागिना निवायला निःशंकपणे पाण्यात टाकतो, ते याचमुळं. पण चांदीचासुद्धा वितळलेला रस ओल्या साच्यात ओतला तर उडतोच. त्याचं कारण वेगळं आहे, ते पायरी ५ मध्ये येईल.

पायरी २: एक प्रयोग स्वतः करून बघा

सोडियमचा प्रयोग करू नका. तो शिक्षकांनी, प्रयोगशाळेत, आडकाच लावून, हरभऱ्याच्या डाळीहून लहान तुकड्यावर करायचा असतो. मॅग्नेशियमच्या फितीचा प्रयोग मात्र कुणीही नीट करू शकतो. शाळेच्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे फीत मिळते.

बोटभर फीत घ्या. ती करडी, मळकट दिसेल. तो तिच्यावरचा ऑक्साईडचा थर आहे. बारीक पॉलिश पेपरने घासा, खालून लख्ख धातू निघेल. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन-तीन थेंब टाका आणि फीत सोडा. पहिल्यांदा काहीच होत नाही असं वाटेल. जरा थांबा. फितीच्या कडेने गुलाबी रंगाची बारीक रेघ धरायला लागेल आणि डोळे जवळ नेले तर धातूवर मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. आता दुसऱ्या ग्लासात कडकडीत गरम पाणी घेऊन दुसरी फीत तशीच सोडा. बुडबुडे लगेच वाढतात आणि गुलाबी रंग झपाट्याने पसरतो. धातू तोच, पाणी तेच, फरक फक्त तापमानाचा.

थोड्या वेळाने क्रिया मंदावते, कारण मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड पाण्यात फारसं विरघळत नाही. त्याचा थर धातूवर बसतो आणि पाण्याला अडवतो. घरच्या गीझरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा रॉड बसवतात, तो टिकतो आणि हळूहळू झिजतो तो याचमुळं.

आता विचार करा. क्रिया व्हायला पृष्ठभाग लागतो. ठोकळ्याला पृष्ठभाग कमी, वस्तुमान जास्त. भुकटीला उलट. एकाच वजनाचा धातू चिप्स किंवा भुकटीच्या रूपात असला तर पाण्याला भिडणारा भाग कितीतरी पटीने वाढतो आणि उष्णता बाहेर जायच्या आतच साठत जाते. तीन प्रश्नांतला दुसरा प्रश्न म्हणूनच आहे.

पायरी ३: अ‍ॅल्युमिनियमच्या शांतपणावर विसंबू नका

अ‍ॅल्युमिनियम श्रेणीत जस्त-लोखंडाच्या वर आहे, तरी आपण त्याच्या पातेल्यात पाणी उकळतो. त्याच्या अंगावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साईडचा घट्ट थर असतो, तो खरा राखणदार. हा थर कॉस्टिक सोड्यात विरघळतो. त्यामुळं अ‍ॅल्युमिनियमचा भाग किंवा चिप्स कॉस्टिकच्या टाकीत पडल्या की फेस येतो, पाणी तापतं आणि भरपूर हायड्रोजन निघतो. कॉस्टिकच्या टाकीत काय जातंय ते आधी विचारा, आणि कॉस्टिकचं द्रावण अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात कधीही करू नका.

मशीन शॉपमध्ये कूलंट (कापताना धातू निववायचं द्रव) लागलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियम मिश्रधातूच्या चिप्स घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवायच्या नाहीत. पाण्याचं कूलंट बहुतेक वेळा अल्कधर्मी असतं. आत हळूहळू हायड्रोजन साठतो, झाकण फुगतं आणि कुणीतरी ते उघडायला ग्राइंडर लावतो. चिप्स निथळून, हवा खेळेल अशा झाकणाच्या भांड्यात, आडोशाला ठेवा. लोखंडाच्या बोरिंगमध्ये (मशीनिंगच्या चुऱ्यात) अ‍ॅल्युमिनियम मिसळू देऊ नका. ग्राइंडिंग-पॉलिशिंगची अ‍ॅल्युमिनियमची धूळ डस्ट कलेक्टरमध्ये ओली होऊन साचत असेल तर त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा.

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या मोठ्या पट्ट्यात पेट घेतो आणि त्याला ठिणगीही अगदी लहान पुरते. रंग नाही, वास नाही. सगळ्यांत हलका वायू असल्यामुळं तो छताखाली जमतो. म्हणून चिप्सच्या खोलीला खाली खिडकी असून भागत नाही, वर झरोका लागतो.

पायरी ४: स्टोअरमधली पोती आणि ड्रम ओळखा

एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट ओतीव लोखंड) ओतणाऱ्या फौंड्रीत फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम असतंच. सगळे त्याला एफएसएम म्हणतात. त्यात साधारण ५-६ टक्के मॅग्नेशियम असतं. लॅडलच्या (रस न्यायच्या भांड्याच्या) तळाशी ते ठेवून वर १४५०-१५०० अंशांचं लोखंड ओतलं की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश आणि धूर होतो, कारण मॅग्नेशियम १०९० अंशांनाच उकळतं. हा खेळ रोज बघून माणूस निर्धास्त होतो, आणि स्टोअरमधल्या त्याच मालाकडं लक्ष देत नाही.

फेरोसिलिकॉन आणि एफएसएम ओलसर झालं तर हायड्रोजन सुटतो. त्यात फॉस्फरसची अशुद्धी असेल तर फॉस्फीन हा विषारी वायूही निघतो. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास आला तर "माल जुना झालाय" म्हणून सोडून देऊ नका. तिथून बाहेर या, दारं-खिडक्या उघडा, तिथले बटण-दिवे चालू-बंद करू नका आणि वरिष्ठांना बोलवा.

ड्रमवर निळ्या रंगाचा, कोनावर उभा चौकोन, त्यात ज्वाला आणि खाली ४ चा आकडा दिसला की तो '४.३' वर्गातला माल: ओला झाला की पेटणारा वायू सोडणारा. मॅग्नेशियमची भुकटी, सोडियम, फेरोसिलिकॉन, कॅल्शियम कार्बाईड ही सगळी त्या वर्गात येतात. कार्बाईड म्हणजे धातू नव्हे, पण पाणी लागलं की त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतो, म्हणून त्यालाही हाच नियम.

ठेवायची पद्धत साधी आहे. जमिनीवर नाही, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पॅलेटवर. भिंतीला टेकवून नाही, कारण पावसाळ्यात भिंतीला ओल येते. नळाखाली, एसीच्या पाइपखाली, गळक्या पत्र्याखाली अजिबात नाही. उघडलेलं पोतं परत घट्ट बांधून, जुनं आधी संपवायचं.

एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलात तर सोडियम रॉकेलमध्ये बुडालेला आहे ना, ते दर आठवड्याला बघा, रॉकेल उडून जातं. लिथियम रॉकेलवर तरंगतो, त्याला ही पद्धत पुरत नाही. जुन्या पोटॅशियमवर पिवळा थर धरला असेल तर सुरी लावू नका, तो कापताना स्फोट होऊ शकतो.

पायरी ५: भट्टीजवळचं पाणी

इथं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक रासायनिक, म्हणजे धातू पाण्यातला ऑक्सिजन घेतो आणि हायड्रोजन सोडतो. दुसरी निव्वळ भौतिक. पाण्याची वाफ होताना आकारमान जवळजवळ १,७०० पट होतं. रसाच्या खाली पेलाभर पाणी अडकलं तर त्याला वर यायला वाट नसते, ते वाट काढतं आणि रस उडवतं. लोखंड असो, पितळ असो, चांदी असो, दुसरी गोष्ट सगळ्यांना लागू. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी होतात, म्हणून तिथं जास्त जपायचं.

आपल्याकडे धोक्याचा काळ जून-जुलैत सुरू होत नाही, तो वळवापासून सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यात स्क्रॅप यार्ड उघड्यावर असतं. दुपारी कडक ऊन, संध्याकाळी अर्धा तास वळीव, आणि रात्रपाळीला वरून कोरडं दिसणारं स्क्रॅप चार्जला (भट्टीत टाकायला) येतं. पाइपचे तुकडे, पत्र्याचे दाबलेले गठ्ठे, वाटीसारखे खोलगट भाग यांत पाणी साठून राहतं. पाइप तिरपा करून बघा. दोन्ही टोकं बंद असलेला कुठलाही भाग, मग तो कोरडा असला तरी, कापल्याशिवाय भट्टीत टाकायचा नाही. भट्टीत रस असताना ओलं स्क्रॅप टाकायचं नाही, म्हणजे नाही. मेल्टरवर कितीही घाई असली तरी चार्ज आधी शेडखाली आणि शक्य तर तापवून घ्यायचा. बोरिंगमध्ये कूलंट आणि ओल दडून राहते, तिला तर जास्त वेळ द्या.

लॅडल नवी लावली असेल किंवा रात्रभर पडून असेल तर बर्नरने पूर्ण तापवल्याशिवाय रस घेऊ नका. सॅम्पल घ्यायचा चमचा, स्लॅग (रसावरची मळी) काढायची सळी, उरलेला रस ओतायचे पिग मोल्ड, हे सगळं कोरडं आणि तापलेलं हवं. गंजलेल्या सळीच्या गंजातही ओल असते.

इंडक्शन फर्नेसच्या (विजेच्या भट्टीच्या) कॉइलमधून सतत पाणी वाहत असतं, हे लक्षात ठेवा. रस आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त लायनिंगचा, म्हणजे आतल्या उष्णतारोधक अस्तराचा, थर असतो. लायनिंग कुठं खचलंय, लीकेजचा अलार्म वाजतोय, तर भट्टी "एवढी हीट (भट्टीची एक खेप) काढून मग बघू" म्हणून चालवायची नसते. भट्टीखालच्या खड्ड्यात पाणी साचलेलं दिसलं तर काम सुरू व्हायच्या आधीच सांगा.

ओलीचा दुसरा परिणाम अपघात नसतो, रिजेक्शन असतं. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) पाणी जास्त झालं की एसजी आयर्नमधलं उरलेलं मॅग्नेशियम आणि रसात चुकून आलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्याच्या भिंतीवरच्या वाफेशी क्रिया करतं. हायड्रोजन रसात शिरतो आणि कातडीच्या जरा खाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं सोडतो. ती फेटलिंगमध्ये (कास्टिंग साफ करताना) दिसत नाहीत, ग्राहकाकडं मशीनिंग झाल्यावर उघडी पडतात. पिनहोल आले की सँडची ओल आणि स्क्रॅपमधलं अ‍ॅल्युमिनियम, दोन्ही बघा.

पायरी ६: धातूच्या चिप्स पेटल्या तर

पाणी नाही. फोमचा सिलिंडर नाही, त्यातही पाणीच असतं. कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडरही नाही, कारण पेटलेलं मॅग्नेशियम त्या वायूतला ऑक्सिजनही ओढून घेतं आणि जळत राहतं, मागं काळा कार्बन पडतो. नेहमीचा एबीसी पावडरचा सिलिंडर धातूच्या आगीसाठी नसतो, शिवाय त्याच्या झोताने पेटलेल्या चिप्स उडून चारी बाजूंना पसरतात.

फौंड्रीतल्या माणसाचा हात आपोआप वाळूकडं जातो, कारण तिचा ढीग कायम शेजारी असतो. तो ग्रीन सँडचा ढीग असतो आणि त्यात साधारण ३-४ टक्के पाणी असतं. ती वाळू टाकणं म्हणजे थोडं थोडं पाणीच टाकणं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

चालतं काय? 'डी' वर्गाच्या, म्हणजे धातूच्या, आगीसाठीचा खास कोरडी पावडर असलेला सिलिंडर सगळ्यांत चांगला. तो नसेल तर पूर्ण कोरडं मीठ. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं मीठ दोन दिवसांत पाणी सोडतं, त्यामुळं ते घट्ट झाकणाच्या ड्रममध्येच आणि लांब दांड्याच्या फावड्यासह ठेवायचं. कोर शॉपमधली (साच्यातले गाभे बनतात तिथली) खडखडीत कोरडी वाळू लहान आगीला चालते, पण फार तापलेलं मॅग्नेशियम वाळूतल्या सिलिकाशीही क्रिया करतं, म्हणून तिचा नंबर नंतरचा.

क्रम असा. आधी "पाणी नको" असं मोठ्याने ओरडून सगळ्यांना थांबवा. मशीनची वीज आणि कूलंट बंद करा. आगीकडं टक लावून बघू नका, तो प्रकाश वेल्डिंगसारखा डोळ्यांना लागतो. ढीग ढवळू नका. पावडर किंवा मीठ फेकू नका, कडेकडेने सरकवत आत आणा आणि जाड थराने झाका. कुठं थर फुटून पांढरं चमकलं तर तिथं परत टाका. विझल्यासारखं वाटलं तरी आत निखारा असतो, तो पूर्ण निवेपर्यंत ढिगाला हात लावू नका. आग पसरत असेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. पहिल्याच वाक्यात धातूचं नाव सांगा: "मॅग्नेशियम पेटलंय." नुसतं "कारखान्यात आग" म्हटलं तर येणारी गाडी पाणी घेऊन तयार होऊनच येईल.

मोबाईल आणि ई-स्कूटरच्या लिथियम-आयन बॅटरीत साधारणपणे धातुरूपातलं लिथियम नसतं. ती निववायला अग्निशमन दल भरपूर पाणीच वापरतं. तिचा आणि मॅग्नेशियमचा नियम एक धरू नका.

अंगावर सोडियमचा कण किंवा धातूची भुकटी पडली तर आधी कोरड्या फडक्याने किंवा चिमट्याने सगळी काढा आणि मगच वाहत्या पाण्याखाली किमान १५-२० मिनिटं धुवा. नुसतं कॉस्टिक अंगावर उडालं असेल तर थांबायचं नाही, ताबडतोब पाणी. डोळ्यात गेलं तर धुता धुताच दवाखान्याची गाडी बोलवा.

पायरी ७: पुरानंतर कारखाना उघडताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ रस्ता बंद झाला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरलं की शटर उघडून कामाला लागायची घाई होते. घाई करू नका. आधी शटर आणि वरचे झरोके उघडून बराच वेळ हवा खेळू द्या. मेन स्विच इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत बंद. आत बिडी, लायटर, गॅस कटर काही नाही.

पाण्यात बुडालेलं एफएसएम, फेरोसिलिकॉन, कार्बाईड "उन्हात वाळवून वापरू" म्हणून आत आणायचं नाही. फुगलेल्या ड्रमचं झाकण हातोड्याने किंवा ग्राइंडरने उघडायचं नाही. तो हलवायचाही नाही, त्याच्याभोवती दोरी बांधून माणसं लांब ठेवायची आणि पुरवठादाराच्या तांत्रिक माणसाला आणि अग्निशमन दलाला कळवायचं. भट्टीचं लायनिंग ओलं झालं असेल तर पहिली हीट लायनिंगवाल्याने सिंटरिंग करून (तापवून घट्ट बसवून) दिल्याशिवाय काढायची नाही. स्क्रॅपच्या ढिगाचा तळ वरच्या भागापेक्षा कितीतरी दिवस ओला राहतो, म्हणून चार्जसाठी वरचं उचलताना खालचं त्याच्यात येत नाही ना, ते प्रत्येक ट्रॉलीला बघायचं.